आकाश सांगायचे कुणाच्या भाषेत?

चेन्नईतल्या एखाद्या जुन्या घरात पंचांग मागितले तर ते हातात पडण्याआधी एक प्रश्न येतो. 'कुठले हवे? वाक्य की तिरुकणित?' तमिळनाडूत ही दोन पंचांगे पिढ्यान् पिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आहेत. वाक्य पंचांग जुन्या कोष्टकांवर चालते. ती पाठ राहावीत म्हणून छोट्या छोट्या वाक्यांत बांधलेली असत, म्हणून हे नाव. तिरुकणित म्हणजे मूळचे 'दृक्-गणित', अर्थात आकाशात डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी ताडून पाहिलेले गणित. तमिळ जिभेवर त्या 'दृक्'चे 'तिरु' झाले.

एरवी या दोघांतला फरक घरच्या घरी मिटतो. पण २०२३ साली तो सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. शनीने कुंभ राशीत प्रवेश केला तो तिरुकणितानुसार १७ जानेवारीला आणि वाक्य पंचांगानुसार २० डिसेंबरला. एकच ग्रह, एकच रास, आणि फरक अकरा महिन्यांचा! तिरुनळ्ळारच्या प्रसिद्ध शनिमंदिरात डिसेंबरची तारीख पाळली गेली. आपल्याला यात हसण्यासारखे काही नाही. टिळक पंचांग पाळणाऱ्यांचा अधिक महिना इतरांपेक्षा वेगळा येतो, तेव्हा आपल्याकडेही शेजारच्या दोन घरांत एकच सण महिन्याच्या अंतराने साजरा होतोच.

रास कुठून सुरू होते हे माणसांनी ठरवले आहे, तेव्हा त्यावर वाद होऊ शकतो. पण त्या रात्री शनी नेमका कुठल्या ताऱ्यांजवळ होता, यावर वाद होऊ शकत नाही. गच्चीवर जाऊन पाहिले की झाले. 'गच्चीवर या आणि पाहा' एवढे लोकांना सांगणे हे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात ते एक मोठे काम आहे, आणि त्या कामाचा एक फार जुना धागा चेन्नईतच सापडतो.

पंचांगवाल्यांच्या घरातला वेधकर्ता

ईस्ट इंडिया कंपनीने १७९२ साली मद्रासच्या नुंगमबाक्कम भागात वेधशाळा बांधली. तिची इमारत आता उरलेली नाही. मात्र तिथे उभारलेला ग्रॅनाइटचा खांब आजच्या हवामान खात्याच्या आवारात उभा आहे. हजार वर्षांनंतरच्या माणसालाही कळावे की आशियात गणिती शास्त्रांचे रोप इंग्रजांच्या औदार्याने लावले गेले, अशा आशयाचा मजकूर त्यावर लॅटिनबरोबरच तमिळ, तेलुगू अशा देशी भाषांतही कोरला आहे. लोकांच्या भाषेत लिहिलेला हा मजकूर खरा, पण त्यातून लोकांना आकाशाबद्दल काही कळत नाही. वेधशाळा कोणी बांधली एवढेच कळते.

याच वेधशाळेत चिंतामणी रघुनाथाचार्य नावाचे एक गृहस्थ काम करीत. जन्म १८२८चा, घराणे पंचांगकर्त्यांचे. साध्या नोकरीपासून सुरुवात करून ते प्रमुख साहाय्यकाच्या पदापर्यंत पोचले. १८६७ साली दक्षिणेकडच्या रेटिक्युलम तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा प्रकाश कमीजास्त होतो, हे त्यांनी दाखवून दिले. आधुनिक काळात भारतीय माणसाने लावलेला हा खगोलशास्त्रातला पहिला शोध मानला जातो. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते वेधशाळेची तुकडी घेऊन वनपर्तीला गेले होते. हेलियम वायूचा माग ज्या निरीक्षणांतून पुढे लागला, तेच हे ग्रहण. १८७२च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

त्यांचे वरिष्ठ होते नॉर्मन पॉग्सन. ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याची जी पट्टी आज जगभर वापरतात ती बसवणारे हेच पॉग्सन, आणि मद्रासहून १८६१ साली 'एशिया' हा लघुग्रह शोधणारेही हेच. त्यांची मुलगी आयसिस १८७३पासून याच वेधशाळेत साहाय्यक होती. तिचे नाव वडिलांनी १८८६ साली त्याच सोसायटीसाठी सुचवले, तर बाईला फेलो करणे नियमात बसत नाही असा कायद्याचा सल्ला मिळाला आणि नाव मागे घ्यावे लागले. तिची निवड व्हायला १९२० साल उजाडले. आकाश सर्वांचे असते असे आपण सहज म्हणतो. त्याच्याकडे अधिकाराने पाहण्याची परवानगी मात्र सर्वांना कधीच सारखी मिळालेली नाही.

शुक्राने लावलेले ग्रहण

९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून जाताना दिसणार होता. यालाच आज आपण शुक्राचे अधिक्रमण म्हणतो. पृथ्वीपासून सूर्य किती दूर आहे हे ठरवायची ही दुर्मिळ संधी होती, म्हणून युरोपातल्या देशांनी जगभर तुकड्या पाठवल्या होत्या. मद्रास, रुडकी, बंगाल अशा ठिकाणी दुर्बिणी सज्ज होत होत्या. आपल्या देशातल्या सामान्य माणसाला मात्र हे सगळे काय चालले आहे याची गंधवार्ता नव्हती. पंचांगांतही त्याचा पत्ता नव्हता, कारण असला प्रसंग सांगण्याची पंचांगांची रीतच नव्हती.

रघुनाथाचार्यांनी त्यासाठी एक पुस्तिका लिहिली. ती केवळ इंग्रजीत काढून ते थांबले नाहीत. कन्नड, उर्दू अशा देशी भाषांतही ती निघाली. आता प्रश्न असा की 'ट्रान्झिट' या शब्दाला लोकांच्या भाषेत म्हणायचे काय? कन्नड पुस्तिकेला त्यांनी नाव दिले 'शुक्रग्रस्त सूर्यग्रहण'. शुक्राने ग्रासलेला सूर्य!

या नावाचा थोडा विचार करा. ग्रहण कुणाला माहीत नाही? मध्ये काहीतरी आले की सूर्य झाकला जातो, हे खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक. एकदा 'ग्रहण' म्हटले की अर्धे काम झाले. उरलेल्या अर्ध्यात एवढेच सांगायचे, की या वेळी मध्ये चंद्र येणार नसून शुक्र येणार आहे, आणि तो दूर असल्यामुळे एवढा लहान दिसेल की सूर्यावर फक्त एक काळा ठिपका सरकताना दिसेल. ओळखीच्या शब्दाचे बोट धरून माणसाला अनोळखी जागी नेले. शब्दकोशात पाहून अनुवाद केला असता तर हे साधले नसते.

पुस्तिकेचा मजकूरही संवादाच्या रूपात आहे. जुन्या पद्धतीने गणित करणारे पंडित शंका विचारतात आणि नवे गणित जाणणारा सिद्धांती त्यांना उत्तरे देतो. पंडितांची टर उडवून चार टाळ्या घेणे सोपे होते. पण रघुनाथाचार्य स्वतः पंचांगकर्त्यांच्या घरातले. ज्यांना पटवायचे ते आपलेच काका-मामा आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांचा मुद्दा साधा होता. आपल्या पूर्वजांनी वेध घेतले म्हणूनच त्यांचे गणित जुळले. पुढच्या पिढ्यांनी वेध घेणे सोडले आणि कोष्टके तेवढी जपली. आता पुन्हा वर पाहायला लागू. असे सांगितले की ऐकणाऱ्याला आपला अपमान झाला असे वाटत नाही, उलट घरचेच राहिलेले काम पुरे करायचे आहे असे वाटते.

दृक्-गणितावरचे पंचांगही त्यांनी काढले. एतद्देशीय लोकांना वेध घ्यायला शिकता येईल अशी वेधशाळा असावी, असा आग्रह त्यांनी धरला. ते काही त्यांच्या हयातीत झाले नाही. १८८० साली ते गेले. आजही चेन्नईत 'वाक्य की तिरुकणित' असे कुणी विचारते, तेव्हा त्यातल्या दुसऱ्या शब्दामागे त्यांचेही कष्ट आहेत.

हेच काम त्याच सुमाराला आपल्याकडेही चालले होते. पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोकरीला होते. त्यांनी १८६५ साली नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला म्हणून ते 'पटवर्धनी पंचांग' झाले. एक मद्रासला, एक पुण्याला. दोघेही इंग्रजांच्या वेधशाळेत शिकले आणि शिकलेले घेऊन थेट घराघरांतल्या खुंटीला टांगलेल्या पंचांगाकडे वळले. कारण लोकांचे आकाश तिथे होते.

बंद खिडक्या आणि उघडी मैदाने

आता कुणी म्हणेल, शनी जानेवारीत आला काय आणि डिसेंबरात आला काय, आपल्या भाजीभाकरीत काय फरक पडतो? फरक पडतो, आणि तो ग्रहणाच्या दिवशी दिसतो.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी कारवार, हुबळीपासून आंध्रपर्यंतच्या पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसले. भर दुपारी देशातल्या शहरांचे रस्ते संचारबंदी असावी तसे ओस पडले. लोकांनी दारेखिडक्या लावून घेतल्या. आयुष्यात एकदा दिसावे असे दृश्य डोक्यावरून गेले आणि लाखो माणसे भिंतीकडे तोंड करून बसली. मग १५ वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ला, दिवाळीच्या ऐन दिवसांत पुन्हा खग्रास ग्रहण आले. या वेळी राजस्थानात, उत्तर प्रदेशात, बंगालमधल्या डायमंड हार्बरला माणसांची रीघ लागली. शाळांनी मुले नेली. सुरक्षित चष्मे हातोहात गेले.

या १५ वर्षांत सूर्य बदलला नव्हता, चंद्रही बदलला नव्हता. बदलले ते सांगणारे. १९८६च्या हॅलेच्या धूमकेतूपासून गावोगाव आकाशदर्शनाचे गट उभे राहिले होते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासूनच कामाला लागलेली होती. मराठी विज्ञान परिषद होती, तमिळनाडूत १९८०पासून तमिळनाडू सायन्स फोरम होता आणि त्यांचे मुलांसाठीचे 'तुळिर' हे मासिकही निघू लागले होते. चेन्नईच्या कोट्टूरपुरम भागात १९८८ साली बिर्ला तारांगण उघडले आणि तिथे मुलांना तमिळमधून तारे ऐकायला मिळू लागले. या सगळ्यांनी मिळून तो बदल घडवला. सरकारी हुकमाने घराची खिडकी उघडत नाही. ओळखीचे कुणीतरी येऊन 'मी बाहेर आहे, तुम्हीही या' म्हणाले की उघडते.

काम संपले असे मात्र समजू नये. २६ डिसेंबर २०१९ला कंकणाकृती ग्रहण दिसले. कोइमतूर, ईरोड, दिंडिगल, तिरुच्चीच्या पट्ट्यात सूर्याची बांगडी झाली आणि चेन्नईत ते खंडग्रास होते. तमिळनाडूत मैदाने माणसांनी फुलली होती. त्याच दिवशी आपल्या सीमेलगतच्या कलबुर्गीजवळ अपंग मुलांना बरे वाटावे म्हणून ग्रहणकाळात गळ्यापर्यंत मातीत पुरल्याच्या बातम्या आल्या. मुलांच्या आईबापांनी हे दुष्टपणाने केले नव्हते. मूल चालू लागावे या आशेने केले होते. त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत, त्यांच्या विश्वासातले कुणी पोचले नव्हते. आकाश समजावून सांगणे हा फावल्या वेळचा छंद नव्हे, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण नको.

या कामात करायचे काय?

अलीकडे बऱ्याच घरांतली मुले विचारतात, की खगोलशास्त्र आवडते पण संशोधक व्हायचे नाही, तर काय करता येईल? विज्ञानसंवाद हे आता रीतसर काम झाले आहे. तारांगणे आणि विज्ञान केंद्रे यांत अशी माणसे लागतात. बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था, पुण्याचे आयुका यांचे लोकशिक्षणाचे स्वतंत्र विभाग आहेत. देशातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने २०१४ साली यासाठी एक समितीच नेमली. विज्ञानाची पदवी लागते, पण तेवढ्यावर भागत नाही.

पहिली गरज भाषेची. चेन्नईत शुक्राला 'वेळ्ळि' म्हणतात. वेळ्ळि म्हणजे चांदीसुद्धा. शुक्रवार म्हणजे 'वेळ्ळिक्किळमै'. समुद्रकिनाऱ्यावर फुगे विकणाऱ्या बाईला 'व्हीनस' म्हटले तर ती पुढे जाईल, आणि 'ही पाहा वेळ्ळि' म्हटले तर थांबेल, कारण ही तर तिची रोजची ओळखीची चांदणी. लग्नात अरुंधती दाखवायची रीत तिथेही आहे आणि आपल्याकडेही. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाजवळचा तो बारीक तारा दुर्बिणीतून दाखवा, म्हणजे नवराबायको दोघेही पुन्हा एकदा रांगेत उभे राहतात!

लोकांना आकाशातले काही माहीत नसते, हा एक शिकलेल्यांचा गैरसमज आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथले आकाश लिहून घेतले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. तिथे सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीची खाट असते आणि शेपटीतले तीन तारे म्हणजे ती पळवायला आलेले चोर. ज्याला ही गोष्ट माहीत आहे त्याला सप्तर्षी कुठे आहेत हे शिकवावे लागत नाही. आपण त्याच्याकडून ऐकायचे आणि मग खाटेच्या दोन खुरांवरून रेघ वाढवून ध्रुव दाखवायचा.

दुसरी गरज जागेची आणि ऋतूची जाण. मुंबई-पुण्यात जून ते सप्टेंबर आकाश झाकलेले. चेन्नईत खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतर आकाशदर्शनाचे दिवस सुरू होतात, तेव्हा तिथे ढग जमलेले असतात. तिथले कार्यक्रम जानेवारीनंतर धरावे लागतात. शहराच्या दिव्यांत आकाशगंगा दिसत नाही, पण चंद्र, गुरू, शनी छान दिसतात. तेव्हा जे दिसते ते दाखवावे. जे दिसत नाही त्याची वर्णने करून लोकांना हळहळत ठेवू नये.

तिसरी गरज स्वस्त साधनांची. २०१२च्या जूनमध्ये शुक्राचे अधिक्रमण पुन्हा आले. त्या वेळी आपल्या 'नवनिर्मिती' संस्थेने प्रचारात आणलेली एक युक्ती देशभर वापरली गेली. लहानसा आरसा कागदाने झाकून कागदाला छोटे भोक पाडायचे, आरसा एका चेंडूवर चिकटवायचा, म्हणजे तो हवा तसा वळवता येतो. उन्हात ठेवून कवडसा दूरच्या अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडायचा. तीस मीटर अंतरावर सूर्याची वीतभराहून मोठी प्रतिमा पडते, आणि सगळा वर्ग ती एकदम पाहू शकतो. सूर्याकडे कुणालाच पाहावे लागत नाही. (एक्स-रेची फिल्म, फोटोची निगेटिव्ह, काजळी धरलेली काच यांतून सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्यांना इजा होते तेव्हा दुखत नाही, म्हणून ती कळतही नाही.)

चौथी गरज मात्र सगळ्यांत अवघड, ती म्हणजे धीराची. कार्यक्रमात हमखास एक प्रश्न येतो. 'माझी सून सातव्या महिन्यात आहे. तिने ग्रहणात भाजी चिरली तर चालेल का?' तरुण कार्यकर्त्याला हसू येते. पण विचारणाऱ्या सासूबाईंना बाळाची काळजी आहे, आणि ती काळजी खरी आहे. त्यांना आधी त्या काळजीचे उत्तर द्यावे लागते. ग्रहण म्हणजे सावली आहे, तिच्यातून काही विषारी बाहेर पडत नाही. सुनेने वेळेवर जेवावे, पाणी प्यावे, उपाशी राहू नये. हे नीट सांगितले की पुढच्या ग्रहणाला सासूबाई सुनेला घेऊनच येतात. रघुनाथाचार्यांनी पंडितांशी जसा संवाद लिहिला तसाच हा. शंका विचारणाऱ्याला त्यात मानाची जागा आहे.

पाहणाऱ्याकडून मोजणाऱ्याकडे

येथवर लोक पाहणारे होते. गेल्या काही वर्षांत त्यांना मोजणारेही करण्याची एक चळवळ जगभर उभी राहिली आहे. रघुनाथाचार्यांनी जसे कमीजास्त होणारे तारे टिपले, तसे तारे आजही हजारो हौशी निरीक्षक टिपतात. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या अशा निरीक्षकांच्या संघटनेकडे जगभरातून नोंदी जातात, कारण एवढ्या ताऱ्यांवर रोज रात्री नजर ठेवायला व्यावसायिक वेधशाळांना सवड नसते. २००७ साली 'गॅलेक्सी झू' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात दीर्घिकांची लाखो छायाचित्रे लोकांसमोर ठेवून त्यांचे आकार ओळखायला सांगितले. त्यातूनच हॅनी व्हॅन आर्केल या नेदरलँडमधल्या शिक्षिकेला एक विचित्र ढग दिसला, जो शास्त्रज्ञांच्याही नजरेतून सुटला होता.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठातले डॉ. आनंद होता यांनी २०१३ साली 'रॅड ॲट होम' सुरू केले. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आणि परदेशातल्या दुर्बिणी यांनी घेतलेल्या आकाशाच्या प्रतिमा वाचायला देशभरातल्या विद्यार्थ्यांना आणि हौशी माणसांना शिकवले जाते. २०२५ साली या गटाने रेडिओ लहरींत दिसणाऱ्या एका अतिदूरच्या, गूढ वर्तुळांच्या जोडीचा शोध जाहीर केला, आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्याच नियतकालिकात तो छापून आला. ज्या सोसायटीने १८७२ साली मद्रासच्या एका साहाय्यकाला फेलो केले, तीच ही.

अशा उपक्रमात विज्ञानसंवादकाचे काम बदलते. त्याला गोष्ट रंगवून सांगता आली पाहिजे, शिवाय नोंद कशी करायची हेही समजावता आले पाहिजे. तारीख, वेळ, जागा, ढग होते की नव्हते. तारा दिसला नाही, तर 'दिसला नाही' असेच लिहायचे. शेजाऱ्याने काय लिहिले ते पाहून आपला आकडा बदलायचा नाही. ही सवय एकदा मुलाला लागली की ती आकाशापुरती राहत नाही. औषधाच्या जाहिरातीपासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे ते विचारू लागते, 'हे कुणी मोजले? कसे मोजले?'

नागपूर आणि चेन्नई: एक काठी, एक दोरी

वाचकहो, आता तुम्हालाच एका मोजणीत सामील करून घ्यावे म्हणतो. खर्च शून्य.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. चेन्नईत तो २५ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास येतो. कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्याला १३-१४ मेला, मुंबईला त्यानंतर दोनेक दिवसांनी, नागपूरला मेच्या अखेरीस. ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग असतात, म्हणून एप्रिलचा दिवस धरावा.

नागपूर हे जवळजवळ चेन्नईच्या सरळ उत्तरेला आहे. चेन्नईत सावली शून्य होते त्या दिवशी नागपुरात १ मीटर उंचीची काठी ओळंब्याने अगदी सरळ उभी करा. बारा वाजून पाच मिनिटांपासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सगळ्यांत आखूड सावली बारा-बाराच्या सुमाराला मिळेल, आणि ती साधारण १४ सेंटिमीटर भरेल. आता कागदावर प्रमाणात त्रिकोण काढा. उभी बाजू काठी, आडवी बाजू सावली. कंपासपेटीतल्या कोनमापकाने वरचा कोन मोजा. तो येईल सुमारे ८ अंश. याचा अर्थ, पृथ्वीच्या पूर्ण ३६० अंशांच्या घेरातले ८ अंश नागपूर-चेन्नई या दोन शहरांत मावतात. असे ४५ तुकडे केले की पृथ्वीची एक प्रदक्षिणा होते. दोन्ही शहरांतले सरळ अंतर सुमारे ९०० किलोमीटर. ४५ गुणिले ९००, म्हणजे ४०,५०० किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. एक काठी, एक दोरी, एक खडू, आणि चूक शंभरात एकाच्या आसपास!

पुण्याच्या वाचकांनी त्याच दिवशी साडेबाराच्या सुमाराला मोजावे, सावली साडेनऊ सेंटिमीटर भरेल. फक्त पुणे चेन्नईच्या सरळ उत्तरेला नाही, म्हणून अंतर धरताना नकाशावर उत्तर-दक्षिण अंतर तेवढे घ्यावे, ते सुमारे ६०० किलोमीटर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने हेच केले होते.

या प्रयोगात एक गोष्ट फार मोलाची आहे. तो एकट्याने होत नाही. एक टोक नागपूरला, दुसरे चेन्नईला. 'आज आमच्याकडे सावली नाही' असे तिकडून कुणीतरी सांगावे लागते, मग त्याची भाषा तमिळ असली तरी चालते. तुमचा कुणी भाचा, मैत्रीण, जुना शेजारी नोकरीनिमित्त चेन्नईला असेलच. त्याला आधी फोन करून ठेवा. त्या दिवशी त्याने दुपारी बारा वाजून सात मिनिटांच्या सुमाराला आपल्या गच्चीत एक बाटली उभी करून ठेवायची आहे, आणि तिची सावली नाहीशी झाली की तुम्हाला कळवायचे आहे.

मग आपल्या वहीत तारीख, वेळ आणि सावलीची लांबी लिहा. आणि ढग आले तर 'ढग आले' असे लिहा.